हिमोग्लोबिन कमी आलं, मग पुढे? सीबीसीचा कागद रक्तविकारतज्ज्ञ कसा वाचतात

सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो आणि घरात त्यातले दोनच आकडे वाचले जातात: हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास असलं की बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि मेडिकलमधून लोहाचं टॉनिक असा ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आकडा तिथेच, मग दुसरं महागडं टॉनिक. काही जण असं दहा-दहा वर्षं करत राहतात.

हिमोग्लोबिन कमी आहे एवढ्यावरून ते कशामुळे कमी आहे हे कळत नाही. लोह कमी असू शकतं, बी-१२ कमी असू शकतं, थॅलेसेमियाचा गुण जन्मापासून असू शकतो, कुठून तरी हळूहळू रक्त जात असू शकतं, मूत्रपिंड थकलेलं असू शकतं आणि क्वचित अस्थिमज्जेचाच आजार असतो. यांतल्या बऱ्याचशा शक्यता वेगळ्या करायला लागणारे आकडे त्याच कागदावर छापलेले असतात. रक्तविकारतज्ज्ञ, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्ट, आधी तेच वाचतात. त्याच्याही आधी ते एक बघतात: हा नमुना भरवशाचा आहे का?

नळीत काय बिघडतं

सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. नळीवर २ किंवा ३ मिलीची खूण असते. रक्त तिथपर्यंत भरायचं आणि भरल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची. लहान मुलाची शीर सापडत नाही म्हणून अर्धा मिलीच रक्त आलं, तर रक्ताच्या मानाने ईडीटीए जास्त होतं आणि पेशी आक्रसतात. नळी नीट उलटसुलट केली नाही तर तळाशी बारीक गुठळी होते, त्या गुठळीत प्लेटलेट अडकतात आणि मशीन प्लेटलेट ‘कमी’ दाखवतं. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं तर सगळंच पातळ होतं: लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही एकदम खाली. काल बारा असलेलं हिमोग्लोबिन आज साडेनऊ दिसतं आणि नातेवाईकांना रक्ताची पिशवी आणायला पिटाळलं जातं. अशा वेळी दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

वेळेचाही प्रश्न असतो. शहापूर किंवा मुरबाडच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त दुचाकीवरच्या डब्यातून ठाण्याच्या मोठ्या लॅबपर्यंत येतं. सहा-आठ तास चालतात. दिवसभर उन्हात राहिलं किंवा दुसऱ्या दिवशी मशीनवर लागलं, तर लाल पेशी फुगतात आणि एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, खोटं वाढतं. लोहाच्या कमतरतेने लहान झालेल्या पेशी मग ‘नॉर्मल’ दिसू शकतात.

पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, प्लेटलेटच्या आकड्याने घरोघरी धाबं दणाणतं. ताप नाही, अंगावर डाग नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही आणि प्लेटलेट मात्र २२,००० असं दिसलं, तर रक्तविकारतज्ज्ञांचा पहिला संशय नळीवर जातो. काही निरोगी माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे पुंजके होतात. मशीन पुंजका एकच मोजतं किंवा मोजतच नाही. रक्ताचा थेंब पसरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की पुंजके डोळ्यांना दिसतात. मग फिक्या निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात, कारण त्या नळीत आधीच द्रव असतो. २२,००० चे दोन लाख होतात. प्रत्यक्ष डेंग्यूतही निव्वळ आकड्यावर प्लेटलेट चढवत नाहीत. रक्तस्राव असेल किंवा आकडा १०,००० च्या खाली गेला, तेव्हा तो विचार होतो. पपईच्या पानांच्या रसाबद्दल इथे एवढंच, की ताप उतरल्यावर प्लेटलेट तशाही आपोआप वाढतात आणि श्रेय रसाला मिळतं.

आणखी एक झटपट तपासणी कागदावरच होते. हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की साधारण हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्क्याचा, आकडा यायला हवा. पेशी खूप लहान असतील तर थोडं इकडेतिकडे होतं. पण एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनची दाटी, ३७ च्या वर दिसली तर थांबायचं, कारण पेशीत तेवढं हिमोग्लोबिन सहसा मावतच नाही. एक तर रक्तात चरबी जास्त आहे, किंवा थंडीत लाल पेशी एकमेकींना चिकटल्या आहेत. नळी ३७ अंशांवर गरम करून पुन्हा चालवली की दुसऱ्या प्रकारात आकडे जागेवर येतात.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघा

समजा दोन बायकांचे रिपोर्ट आहेत. पहिलीचं हिमोग्लोबिन १०.६, लाल पेशींची संख्या ५६ लाख, एमसीव्ही ६२, आरडीडब्ल्यू १५. दुसरीचं हिमोग्लोबिन ८.४, लाल पेशी ३९ लाख, एमसीव्ही ६९, आरडीडब्ल्यू १९. एमसीव्ही साधारण ८० ते १०० हवी, म्हणजे दोघींच्या पेशी लहान आहेत. औषधाच्या दुकानात दोघींना एकच बाटली मिळेल. पण दोघींची कारणं वेगळी आहेत.

दुसऱ्या बाईकडे कच्चा माल नाही. लोहच नसल्यामुळे अस्थिमज्जेला पेशी पुरेशा बनवता येत नाहीत, म्हणून संख्याही घटली आहे. आधी लोह असताना बनलेल्या मोठ्या पेशी आणि आता बनणाऱ्या लहान पेशी एकत्र फिरत आहेत, म्हणून आकारातला फरक दाखवणारा आरडीडब्ल्यू वाढला आहे. पहिलीच्या पेशी मात्र सगळ्याच सारख्या लहान आहेत आणि संख्येने भरपूर, किंबहुना जरुरीपेक्षा जास्त. तिच्याकडे लोह आहे. हिमोग्लोबिनमधली ग्लोबिन या प्रथिनाची साखळी बनवणारं एक जनुक जन्मापासून अधू आहे, म्हणून प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन कमी भरतं आणि मज्जा जास्त पेशी बनवून भरपाई करते. याला बीटा थॅलेसेमिया मायनर किंवा ट्रेट म्हणतात. हा आजार नसून गुण आहे. अशी व्यक्ती लोकल पकडते, संसार करते, मॅरेथॉनही धावते.

एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागायचं. पहिलीचं ६२ भागिले ५.६, म्हणजे ११. दुसरीचं ६९ भागिले ३.९, म्हणजे जवळपास १८. १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमिया ट्रेटचा संशय, वर असेल तर लोहाची कमतरता जास्त संभवते. हा मेंट्झर निर्देशांक १९७३ पासून वापरात आहे. तो दिशा दाखवतो, पण पक्का निकाल देत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, आणि आपल्याकडे ते विरळ नाही.

लोह कमी असेल तर गोळ्या कशा, किती, किती दिवस

पक्कं करण्यासाठी फेरिटिन करतात. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. प्रौढांमध्ये ते १५ च्या खाली असेल तर साठा संपलेलाच आहे, आणि ३० च्या खाली असलं तरी बहुतेक तज्ज्ञ लोहाची कमतरता धरून चालतात. मेख अशी की ताप, संसर्ग, सांधेदुखीचे आजार, यकृताची सूज यांत फेरिटिन आपणहून वाढतं. टायफॉइडच्या तापात केलेलं ‘नॉर्मल’ फेरिटिन काहीच सांगत नाही. आजार ओसरल्यावर पुन्हा करावं.

आता हिशोब. दुसऱ्या बाईचं वजन ५० किलो धरू. तूट काढायचं जुनं सूत्र असं: वजन, गुणिले हवं असलेलं आणि आहे त्या हिमोग्लोबिनमधलं अंतर, गुणिले २.४, आणि साठा भरायला ५००. लक्ष्य १५ धरलं तर ५० × ६.६ × २.४ म्हणजे ७९२, अधिक ५००, म्हणजे जवळपास १३०० मिलीग्रॅम. सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. त्यातलं आतड्यातून खरोखर आत शिरतं ते फार तर सहा ते दहा मिलीग्रॅम. भागाकार करून बघा, शंभराच्या वर गोळ्या लागतात. म्हणून हिमोग्लोबिन बारा झाल्यावरही तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. बरं वाटलं म्हणून पहिल्याच महिन्यात पाकीट कपाटात गेलं, की सहा महिन्यांत माणूस होता तिथे येतो.

दिवसातून दोन-तीन गोळ्या घेतल्याने काम लवकर होत नाही. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते साधारण दिवसभर आतड्याचं दार लावून घेतं. म्हणून एकदाच, शक्यतो उपाशीपोटी घ्यावं. गोळी सोसत नसेल, मळमळ होत असेल, तर एक दिवसाआड घेतली तरी चालते. फार नुकसान होत नाही. चहा-कॉफी गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नको. कॅल्शियमची गोळी आणि अॅसिडिटीची औषधं त्याच वेळी नकोत. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही लिहून दिलेलं असतं आणि ती सोयीने दोन्ही एकाच घोटात घेते, हे दर दुसऱ्या घरात चालतं. एक सकाळी, एक रात्री, एवढं केलं तरी पुरे. लिंबूपाणी किंवा आवळा गोळीबरोबर चालेल. शी काळी होते, त्याने घाबरायचं नाही. उलट, गोळ्या घेते म्हणणारीची शी काळी नसेल तर डॉक्टर पाकीट मोजायला मागतात.

गोळी लागू पडतेय का हे आठवड्या-दीड आठवड्यात कळतं. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी, आधी वाढतात. हिमोग्लोबिन तीन-चार आठवड्यांत किमान एक ग्रॅमने चढायला हवं. चढलं नाही, तर गोळीचा ब्रँड बदलण्याआधी कारणं शोधायची. गोळी खरंच पोटात जाते का? पँटोप्राझोलसारखी अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का? पोटात हेलिकोबॅक्टर जंतू, गव्हातलं प्रथिन न सोसणारा आतड्याचा आजार सीलिअॅक किंवा हूकवर्म आहे का? की जेवढं भरतं त्याहून जास्त सांडतं? पाळीत ८० मिलीच्या वर रक्त गेलं तर दर महिन्याला तीसेक मिलीग्रॅम लोह जातं, तर शरीर रोज जेवणातून जेमतेम एक-दोन मिलीग्रॅमच घेऊ शकतं. इथे स्त्रीरोगतज्ज्ञाने पाळी आटोक्यात आणल्याशिवाय हिशोब जुळणार नाही.

पुरुषांची गोष्ट निराळी. पन्नाशीच्या पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर बीट-खजुरावर वेळ घालवू नये. पोटातून किंवा आतड्यातून रक्त जातंय असं धरून दुर्बिणीने तपासणी करावी. मोठ्या आतड्याचा कर्करोग पुष्कळदा असाच, फक्त ‘थकवा आणि हिमोग्लोबिन नऊ’ म्हणून समोर येतो.

शिरेतून लोह देण्याचं इंजेक्शन आता सुरक्षित झालं आहे. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज एका बैठकीत १००० मिलीग्रॅमपर्यंत देता येतं. गरोदरपणाचे शेवटचे महिने, आतड्याचे आजार, गोळी अजिबात न सोसणं यासाठी ते योग्य आहे. ‘लवकर बरं वाटेल’ म्हणून सरसकट देऊ नये. आणि ते देण्याआधी फेरिटिन केलेलं असलंच पाहिजे, नाहीतर पहिल्या बाईलाही कुणीतरी ते देऊन मोकळं होतं.

पहिल्या बाईचं काय

तिला एचपीएलसी करायला सांगतात. हे यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून टक्केवारी देतं. एचबी-ए२ नावाचा प्रकार साधारण साडेतीन टक्क्यांच्या आत असतो. बीटा ट्रेटमध्ये तो बहुतेक चार ते सहाच्या दरम्यान निघतो. लोहाची तीव्र कमतरता असेल तर ए२ खाली ओढला जातो आणि ट्रेट लपू शकतो. रिपोर्टवर ३.३ किंवा ३.४ आणि शेजारी फेरिटिन ६ असेल, तर आधी लोह भरून तीन महिन्यांनी एचपीएलसी पुन्हा करावी, किंवा घाई असेल तर थेट डीएनए तपासणी करावी. दुसरी अडचण अशी: अलीकडे रक्त चढवलं असेल तर यंत्र रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मोजतं. लाल पेशी १२० दिवस जगते, म्हणून तीन-चार महिने थांबावं लागतं. अल्फा थॅलेसेमिया ट्रेट तर एचपीएलसीत दिसतच नाही. लोह नॉर्मल, ए२ नॉर्मल, पेशी तरी लहान, असं असलं की त्याचा विचार करायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? ट्रेटवाल्या व्यक्तीला स्वतःला उपचार लागत नाहीत. तिचा जोडीदारही ट्रेट असेल तर मात्र प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल. अशा मुलाला सहा महिने ते दोन वर्षांच्या आत रक्त लागू लागतं आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलीग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची व्यवस्था शरीरात नाही. दहा-वीस पिशव्यांनंतर लोह काढणारी औषधं सुरू करावी लागतात. ती चुकली तर लोह हृदयात आणि यकृतात साचतं, मूल वाढत नाही, वयात येत नाही. पुरेसं जुळणाऱ्या भावंडाकडून मूलपेशी मिळाल्या तर प्रत्यारोपणाने हा आजार बरा होतो. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता मात्र चारात एक.

ठाणे जिल्ह्यात हा विषय पुस्तकापुरता नाही. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत निर्वासित सिंधी कुटुंबं आली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचं, म्हणजे ट्रेट असलेल्यांचं, प्रमाण देशाच्या तीन-चार टक्क्यांच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. मुलुंड-ठाण्यातल्या कच्छी भानुशाली आणि लोहाणा समाजांतही तसंच. पण ‘आमच्यात नसतं हे’ असं मराठी घरांत म्हणतात, त्याला अर्थ नाही. जनुक आडनाव विचारत नाही.

तपासणीची योग्य वेळ लग्नाआधीची किंवा निदान मूल ठरवण्याआधीची. प्रत्यक्षात ती होते गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीत (एएनसी), तेही झाली तर. सरकारी शिबिरात कधी नेस्ट्रॉफ नावाची साधी चाचणी करतात: ०.३६ टक्के मिठाच्या पाण्यात २० मायक्रोलिटर रक्त टाकून अर्धा तास ठेवायचं आणि नळीमागे काळी रेघ काढलेला कागद धरायचा. नेहमीच्या पेशी त्या पाण्यात फुटतात, द्रव पारदर्शक होतो आणि रेघ स्पष्ट दिसते. थॅलेसेमियाच्या पेशी चपट्या असल्याने फुटत नाहीत, द्रव गढूळ राहतो, रेघ अंधुक दिसते. लोह कमी असलेल्यांचीही चाचणी पॉझिटिव्ह येते, म्हणून पुढे एचपीएलसी हवीच.

बाई ट्रेट निघाली की नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. दोघंही ट्रेट असतील तर आधी दोघांचे जनुकीय बदल नेमके कोणते ते शोधतात. भारतात आयव्हीएस १-५ हा बदल सर्वांत जास्त आढळतो आणि सिंधी समाजात ६१९ अक्षरं गळालेला बदलही बराच दिसतो. मग अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाची तपासणी होते. नवरा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत तीन आठवडे लॅबला जात नाही, आणि इथेच सगळं वेळापत्रक कोलमडतं. या विषयात सगळ्यात जास्त नुकसान याच एका कारणाने होतं असं आमचं मत आहे.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आणि २०१४ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या जव्हार-मोखाड्यात प्रश्न सिकल सेलचा आहे. ग्लोबिनमध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, ऑक्सिजन कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या अडतात. शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यात फरक करू शकत नाही, त्यासाठी पुन्हा एचपीएलसीच लागते. वाहकाला काही त्रास नसतो. रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया दिलं की गर्भातलं हिमोग्लोबिन काही प्रमाणात परत वाढतं आणि दुखण्याचे झटके कमी होतात. या औषधाने एमसीव्हीही वाढते, त्यामुळे रुग्ण गोळी नियमित घेतो की नाही हे सीबीसीच सांगून टाकतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे. तपासणीच्या निकालाचं कार्ड हातात पडलं की ते जपून ठेवा. सिकलचा वाहक आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक यांच्या लग्नातूनही आजारी मूल जन्मू शकतं, हे मात्र शिबिरात क्वचितच कुणी समजावतं.

पेशी मोठ्या असतील तर

एमसीव्ही १०० च्या वर गेली की बी-१२ आणि फॉलिक अॅसिडकडे नजर जाते. पक्के शाकाहारी, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणारे, आणि वयस्कर माणसं यांच्यात बी-१२ कमी असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं. तीव्र कमतरतेत तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात आणि रिपोर्ट ब्लड कॅन्सरसारखा भीतीदायक दिसतो. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली की आठवड्याभरात चित्र पालटू लागतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर नुसतं फॉलिक अॅसिड देऊ नये. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं आणि मज्जातंतूंचं नुकसान गुपचूप चालू राहतं. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी ‘नॉर्मल’ येते. तिथे वाढलेला आरडीडब्ल्यूच काय तो इशारा देतो.

काच बघितल्याशिवाय

मशीन पेशी मोजतं, ओळखण्यात चुकतं. म्हणून स्मीअर. रक्ताचा छोटा थेंब काचेच्या एका टोकाला ठेवायचा, दुसरी काच ३० ते ४५ अंशांत टेकवून एका झटक्यात पुढे न्यायची. जिभेसारखा पातळ होत जाणारा थर हवा. लिशमन रंग दोन मिनिटं, मग त्याच्या दुप्पट बफरचं पाणी, आठ-दहा मिनिटं. वाचायचं ते शेपटीच्या जरा अलीकडे, जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात. जाड भागात सगळं एकमेकांवर चढलेलं असतं, अगदी टोकाला निरोगी पेशीही चपट्या दिसतात.

इथे पेन्सिलसारख्या पेशी म्हणजे लोह कमी, नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या वर्तुळात वर्तुळ दिसणाऱ्या पेशी म्हणजे थॅलेसेमियाचा विचार, पाच-सहा खंडांचं केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी म्हणजे बी-१२. पावसाळ्यात मलेरियाचे जंतू इथेच सापडतात. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियासाठी १४ दिवसांचं प्रायमाक्विन देण्याआधी जी६पीडी हे लाल पेशींना जपणारं विकर बघायचं असतं, नाहीतर ज्यांच्यात ते कमी आहे त्यांची लघवी कोकाकोलासारखी काळपट होते आणि हिमोग्लोबिन धाडकन पडतं.

काही काचा रात्री अकरा वाजताही फोन करायला लावतात. लाल पेशींचे फाटलेले तुकडे आणि प्लेटलेट कमी, जोडीला ताप किंवा बोलण्यात गोंधळ: हा टीटीपी, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा आजार, असू शकतो. त्यात प्लाझ्मा बदलण्याचा उपचार त्याच दिवशी सुरू व्हावा लागतो आणि प्लेटलेट चढवणं टाळतात. आत काड्यांचे जुडगे असलेल्या अपक्व पेशी दिसल्या तर एपीएल नावाचा रक्ताचा कर्करोग. तो पहिल्या काही दिवसांत रक्तस्रावाने मारतो, पण तेवढं निभावलं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणून जनुकीय रिपोर्टची वाट न बघता संशयावरच ए-जीवनसत्त्वापासून बनलेल्या गोळ्या सुरू करतात.

बोन मॅरो आणि त्यानंतरचं

बोन मॅरोची, म्हणजे अस्थिमज्जेच्या तपासणीची, भीती बहुतेक गैरसमजातून येते. ती सुई मणक्यात जात नाही. कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यावर भूल देतात. मग जाड सुई हाडात फिरवत नेतात आणि सिरिंजने मज्जा ओढतात. ओढताना काही सेकंद पायापर्यंत कळ जाते, तेवढ्याला भूल लागू होत नाही. पहिला अर्धा मिली काचांसाठी, कारण जास्त ओढलं की त्यात रक्त मिसळतं. नंतरचा ईडीटीएच्या आणि हेपारिनच्या नळीत, फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) आणि गुणसूत्रांसाठी. शेवटी दीड-दोन सेंटिमीटरचा हाडाचा तुकडा. दहा-पंधरा मिनिटं दाबून धरलं की माणूस त्याच दिवशी घरी जातो. तुकड्याचा रिपोर्ट उशिरा येतो, कारण हाडातलं कॅल्शियम आधी विरघळवावं लागतं. लॅब टाळाटाळ करतेय असं नाही.

या तपासण्यांपुढचं संशोधनही आपल्याच भागात चालतं. खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अॅक्ट्रेक आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी पेशींचा देशातला पहिला उपचार तिथे जून २०२१ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढतात, विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक जनुक घालतात, त्यामुळे त्या सीडी-१९ ही खूण असलेल्या पेशी ओळखून मारतात. पेशी वाढवायला काही दिवस लागतात, मग तीन दिवसांची हलकी केमोथेरपी आणि पेशी परत शिरेतून. नंतर ताप आणि रक्तदाब पडणं यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. सीडी-१९ ही खूण प्रतिपिंडं बनवणाऱ्या निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून त्याही जातात आणि कित्येक महिने संसर्गाचा धोका राहतो. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे साधारण दहाव्या हिश्श्यात होतो, तरी तो फक्त नेहमीच्या औषधांना दाद न दिलेल्या बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी आहे. थॅलेसेमिया किंवा लोहाच्या कमतरतेसाठी त्याची चौकशी करून उपयोग नाही.

रक्तविकारतज्ज्ञाकडे जाताना

रक्त चढवायची वेळ आली तर पिशवी लावण्याआधी दोन नळ्या भरून ठेवायला सांगा: एक एचपीएलसीसाठी जांभळी, एक फेरिटिन आणि बी-१२ साठी साधी. एकदा पिशवी गेली की पुढचे तीन महिने निदान अडकून बसतं. एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम एक ग्रॅम वाढतं, कारण तसंच राहतं. थॅलेसेमिया, सिकल सेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्तपेढीने बदली रक्तदाता न मागता विनामूल्य रक्त द्यायचं असतं, आणि हे तिन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. ओळखपत्राची झेरॉक्स फाईलमध्ये असू द्या.

फाईलमध्ये सगळ्यात मोलाचे असतात ते जुने रिपोर्ट. बाळंतपणाचा, शाळेतल्या तपासणीचा, जुन्या नोकरीतल्या मेडिकलचा, जो मिळेल तो. दहा वर्षांपूर्वीही एमसीव्ही ६३ आणि हिमोग्लोबिन साडेदहा असेल, तर हा जन्मजात गुण असण्याची शक्यता फार मोठी. दोन वर्षांपूर्वी एमसीव्ही ८८ होती आणि आज ६८ असेल, तर मधल्या काळात कुठून तरी रक्त गेलेलं आहे, आणि पुढची तपासणी ते कुठून गेलं याचीच.